भूत दिसल्यानंतरची चार पानं

लेखकाने स्वतःच्या खर्चाने काढलेला मराठी भयकथासंग्रह लांबूनही ओळखू येतो. मुखपृष्ठावर पौर्णिमेचा चंद्र, खाली पडका वाडा आणि शीर्षकाच्या अक्षरांतून टपकणारं रक्त. हल्ली हे चित्र एआयकडून करून घेतलेलं असतं. त्यामुळे गोष्ट गुहागरजवळच्या वाडीतली असली, तरी कव्हरवर क्रूस लावलेली थडगी आणि युरोपातलं धुकं. आत गेलं की अर्पणपत्रिका, मग ऋणनिर्देश, मग मनोगत. किंडलवर पुस्तकाचा पहिला साधारण दहा टक्के भाग नमुना म्हणून फुकट वाचता येतो. नव्वद पानांच्या संग्रहात हे दहा टक्के मनोगतातच खर्ची पडतात. म्हणजे लेखकाच्या आईवडिलांचे, बायकोचे आणि व्हॉट्सअॅप ग्रुपचे आभार वाचून आपण ठरवायचं, की घाबरण्यासाठी पैसे मोजायचे की नाही.

गेल्या दीड वर्षात मी असे तीसेक संग्रह वाचले. दिवसा मी एका कंपनीत बॅकएंडचं काम करतो, रात्री गोष्टी लिहितो, आणि माझ्या नऊ भयकथांचा संग्रह मलाही स्वतःच काढायचा आहे. त्यामुळे या पुस्तकांकडे मी जरा स्वार्थाने बघत होतो. ती हसण्यावारी न्यावीत, असं मला अजिबात वाटत नाही. त्यातल्या निदान सात-आठ गोष्टींत अशा जागा आहेत, की वाचताना फोन उलटा ठेवून मी उगाच स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो. कल्पना कमी पडत नाहीत. भाषाही, शुद्धलेखन सोडलं तर, बऱ्यापैकी चालते. तरीही बहुतेक गोष्टी हातातून निसटतात, आणि जवळपास सगळ्या एकाच ठिकाणी. भूत दिसून गेल्यानंतर.

नमुन्यादाखल एक गोष्ट सांगतो. ती कुणा एकाची नाही, कारण वेगवेगळ्या नावांनी ती मला पाचदा भेटली. नाइट शिफ्ट संपवून मुलगा पहाटे तीनला कॅबमध्ये बसतो. घाटात ड्रायव्हर एकदाही आरशात बघत नाही. मुलाचं लक्ष जातं, तर आरशात ड्रायव्हरची सीट रिकामी. इथे अंगावर काटा येतो. पण गोष्ट इथे थांबत नाही. मुलगा बेशुद्ध पडतो, सकाळी ऑफिसच्या गेटवर सापडतो, आणि सिक्युरिटी गार्ड त्याला सांगतो की तीन वर्षांपूर्वी, याच अमावास्येला, याच वळणावर, याच नंबरची गाडी दरीत गेली होती. मग ड्रायव्हरच्या बायकोची कहाणी येते. मग त्याची अतृप्त इच्छा. मग शांत. चार पानं.

मराठी भयकथेतलं सगळ्यात कष्टाळू पात्र म्हणजे हा गार्ड. गोष्ट गावाकडची असेल तर त्याच्या जागी चहाच्या टपरीवरचा म्हातारा असतो, कोकणातली असेल तर वाड्याचा राखणदार. भूत रात्री पाच मिनिटं काम करतं, हा म्हातारा सकाळी तासभर. आमच्याकडे प्रॉडक्शनमध्ये काही कोसळलं की दुसऱ्या दिवशी एक कागद लिहायचा असतो: काय झालं, का झालं, पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार. त्याला रूट कॉज अॅनालिसिस म्हणतात. तो लिहून झाला की सगळ्यांना शांत झोप लागते, आणि तो लिहायचा त्याचसाठी. भयकथेच्या शेवटी हाच कागद जोडला की वाचकालाही शांत झोप लागते. अपघात झाला, आत्मा अडकला, इच्छा पुरी केली, विषय संपला. आपण काही त्या अमावास्येला त्या घाटातून जाणार नाही.

यावर कुणी म्हणेल, की नारायण धारपही भरपूर समजावून सांगायचे. खरं आहे. समर्थांच्या कथांत तर पानंच्या पानं स्पष्टीकरण असतं. पण धारपांचं स्पष्टीकरण वाचून घर लहान वाटायला लागतं आणि बाहेरचा अंधार मोठा. आपल्याला दिसलं ते कशाचं तरी टोक होतं, इतकंच त्यातून कळतं. गार्डचं स्पष्टीकरण उलट काम करतं, ते अंधाराला एक पत्ता आणि एक तारीख देतं. रत्नाकर मतकरींची पद्धत निराळी होती. त्यांच्या गूढकथेत भुतापेक्षा घरातलं माणूस जास्त घाबरवतं, आणि शेवटाला दार असं लागतं की आपण आत राहिलो की बाहेर, ते लगेच कळत नाही. 'खेकडा' किंवा 'मध्यरात्रीचे पडघम' आज उघडून पाहा. किती जागा मोकळ्या सोडल्या आहेत त्या माणसाने.

धारप २००८ साली गेले, मतकरी २०२० साली. त्यांच्यामागे मासिकं होती, दिवाळी अंक होते, अनंत अंतरकरांनी काढलेल्या 'नवल'सारखं नियतकालिक होतं, आणि पुस्तकांची पानं सुटेपर्यंत ती फिरवणारी वाचनालयं होती. यातलं आज किती उरलंय, ते तुम्हाला माहीत आहे. मी एका प्रकाशकाला माझ्या चार कथा पाठवल्या होत्या. उत्तर पंधरा दिवसांत आलं, त्यात कथांबद्दल एक ओळ होती आणि लेखकाने किती प्रती स्वतः विकत घ्यायच्या याबद्दल दीड पान. पुस्तकाचा सगळा खर्च लेखकानेच करायचा असेल, तर तो थेट करावा आणि हक्कही स्वतःकडे ठेवावेत, हा हिशेब मला सरळ वाटतो. भारतात आयएसबीएन सरकारकडून फुकट मिळतो, आणि किंडलच्या ई-पुस्तकाला तोही लागत नाही. फाइल चढवली की साधारण तीन दिवसांत पुस्तक विक्रीला. वाईट दिसतं म्हणून स्वयंप्रकाशन टाळा, असं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. भयकथेकडे बऱ्याच प्रतिष्ठित प्रकाशकांनी फिरवलेली पाठ बघता, हा प्रकार जिवंत राहिला तर याच वाटेने राहील.

फक्त या वाटेला तिचा स्वतःचा उतार आहे, आणि तो ओळखल्याशिवाय ही पुस्तकं अशी का होतात ते कळत नाही.

किंडल अनलिमिटेडमध्ये लेखकाला पैसे मिळतात ते वाचकाने वाचलेल्या पानांवर. ही पद्धत जुलै २०१५ पासूनची. त्याआधी हिशेब वेगळा होता: वाचकाने पुस्तकाचा दहा टक्के भाग ओलांडला, की लेखकाला त्या पुस्तकाचे ठरलेले पैसे. लांबी कितीही असो. मग लोकांनी काय केलं असेल? वीस-वीस पानांच्या पुस्तिकांचा पूर आला. नियम बदलला आणि तेच लोक जाडजूड पुस्तकं काढू लागले. मला यात लबाडीपेक्षा एक साधी गोष्ट दिसते. जे मोजलं जातं ते वाढतं. आमच्या धंद्यात हे रोज बघतो. पण भयकथेची गंमत अशी, की तिच्यातली सगळ्यात मोलाची पानं म्हणजे न लिहिलेली पानं, आणि ती कुठलाच काउंटर मोजत नाही. आरशात सीट रिकामी दिसली तिथे थांबणारी गोष्ट सहा पानांची. गार्डसकट दहा पानांची. गार्डला पगार मिळतो तो असा.

प्रतिलिपीसारख्या ठिकाणी दाब दुसऱ्या दिशेने येतो. तिथे गोष्ट भागांत चालते, आणि प्रत्येक भागाच्या शेवटी 'क्रमशः'च्या आधी काहीतरी दचकवणारं असावं लागतं. दर हजार शब्दांनी दचकायचं म्हटल्यावर पाचव्या भागात दचकण्याचं काही उरत नाही, मग नवा आत्मा आणावा लागतो. आणि खाली वाचकांचे अभिप्राय. 'शेवट कळला नाही.' 'ती बाई कोण होती ते सांगाच.' 'पार्ट टू कधी?' हे लिहिणारे तुम्ही-आम्हीच. मला ती बाई कोण होती हे खरोखर जाणून घ्यायचं असतं, आणि लेखकाने ते सांगितलं की तो माझ्या मनातून उतरतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तीन तारे देऊन 'शेवट अर्धवट' असं लिहिणाऱ्या वाचकाला खूश करायला निघालेला लेखक चौथ्या संग्रहापर्यंत पूर्णवेळ गार्ड होऊन बसतो. भागाभागाने लिहिण्याचा मोह मोठमोठ्यांनाही झालाय म्हणा. स्टीफन किंगने २००० साली 'द प्लांट' नावाची कादंबरी स्वतःच्या वेबसाइटवर हप्त्याहप्त्याने, वाचकांच्या प्रामाणिकपणावर विसंबून एकेका डॉलरला विकायला काढली. सहा भागांनंतर ती थांबली, ती थांबलेलीच आहे.

या सगळ्यातून एक पुस्तक कसं सुटलं, ते जरा सविस्तर बघण्यासारखं आहे. अमेरिकेतल्या डेथन आवरबाकने २०११ साली रेडिटवरच्या 'नोस्लीप' या विभागात एक भयकथा टाकली. मग तिला जोडलेली दुसरी, तिसरी. २०१२ साली किकस्टार्टरवर वाचकांकडून पैसे उभे करून त्याने त्यांचं पुस्तक स्वतःच काढलं: 'पेनपॅल'. कव्हरवर कादंबरी म्हटलंय, पण आत सहा जोडलेल्या कथाच आहेत, आणि त्या काळाच्या क्रमाने येत नाहीत.

त्यातली 'बलून्स' ही कथा मला आजवर वाचलेल्या स्वयंप्रकाशित भयकथांतली सगळ्यात चांगली वाटते. बालवाडीतली मुलं फुग्यांना चिठ्ठ्या बांधून आकाशात सोडतात. ज्याला फुगा सापडेल त्याने आपल्या भागाचा फोटो पाठवायचा. बाकीच्या मुलांना पत्रं येतात. निवेदकाला येतो तो नुसता एक पोलरॉइड, पत्राशिवाय, आणि त्यात धड काही दिसत नाही. मग आणखी येतात. मुलाला कंटाळा येतो, तो ते ठेवून देतो. पुढे कधीतरी सगळे एकत्र बघताना त्याच्या लक्षात येतं की या फोटोंमध्ये तो स्वतः आहे. आणि त्याची आई.

बस, इतकंच. हा माणूस कोण, त्याला काय हवं होतं, त्याचं लहानपण कसं गेलं, यातलं काहीही आवरबाक शेवटपर्यंत सांगत नाही. 'पेनपॅल'मध्ये टपरीवरचा म्हातारा नाही. जे कळतं ते वाचकाने स्वतः जुळवून. या कथेत फोटो काढणारा कुठे उभा असेल, आणि मग आधीच्या कथेत त्या रात्री तो कुठे असेल? तारखा आपणच लावतो, आणि लावताना स्वतःलाच घाबरवतो. 'नोस्लीप'चा एक नियम या कामी आला असावा. तिथे प्रत्येक गोष्ट खरीच आहे असं धरून बोलायचं, वाचकांनीसुद्धा. त्यामुळे अभिप्राय हेही गोष्टीचाच भाग होतात आणि लेखकाला सर्वज्ञ होता येत नाही. ज्याच्यावर गुदरलं त्याला जेवढं माहीत, तेवढंच त्याने सांगायचं. आपल्याकडे कव्हरवर 'सत्य घटनेवर आधारित' छापतात आणि आत निवेदक मेलेल्या माणसाच्या मनातले विचारही सांगतो. सत्याचा नुसता शिक्का आहे, बंधन नाही.

तरी पुस्तक झाल्यावर 'पेनपॅल'चं नुकसान झालंच. कथांच्या मधल्या सांध्यांत प्रौढ निवेदक आठवणींबद्दल फार बोलतो. आठवणी कशा फसवतात, लहानपणीचं जंगल मोठेपणी कसं दिसतं, वगैरे. नेटवर या जागी काही दिवसांचं रिकामं अंतर होतं, पुस्तकात तिथे मजकूर भरला आहे. माझ्या मते एक पंचमांश पुस्तक सहज काढता आलं असतं, आणि चांगल्या संपादकाने ते काढलं असतं. आवरबाकची पुढची कादंबरी 'बॅड मॅन' २०१८ साली डबलडेसारख्या मोठ्या प्रकाशनाकडून आली, आणि मला विचाराल तर 'बलून्स'ची सर तिला नाही. म्हणजे मोठा प्रकाशक आला की सगळं जुळतं, असंही नाही.

मग या सहा कथांना वाचवलं कशाने? माझं उत्तर: त्या पुस्तक होण्याआधी कुणाला तरी सांगितल्या गेल्या होत्या. रोज नव्याने येणाऱ्या, तोंडावर बोलणाऱ्या लोकांना.

आणि हे रेडिटच्याही फार आधीचं आहे. एम. आर. जेम्स केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात नाताळच्या सुमारास मोजक्या मित्रांना आपल्या भुताच्या गोष्टी वाचून दाखवायचा. हस्तलिखित घेऊन तो खोलीत यायचा आणि एक सोडून सगळ्या मेणबत्त्या विझवायचा, असं तिथे बसणाऱ्या एकाने लिहून ठेवलंय. १९०४ साली आलेल्या त्याच्या पहिल्या संग्रहात फक्त आठ कथा आहेत. चित्रं काढणारा मित्र मॅकब्राइड चार चित्रं पुरी करून वारला, तर जेम्सने दुसरा चित्रकार घेतला नाही. पुस्तक चारच चित्रांनिशी काढलं. एआयकडून तीस सेकंदांत दहा कव्हरं करून घेताना मला हे आठवत राहतं, आणि जरा त्रासही होतो.

आपल्याकडचं उदाहरण याहून चांगलं आहे. राही बर्वेला 'तुंबाड'चं बीज मिळालं ते १९९३ साली, नागझिऱ्याच्या जंगलात, एका मित्राने रात्री सांगितलेल्या गोष्टीतून. ती गोष्ट धारपांची 'आजी'. 'आजी' स्वतः स्टीफन किंगच्या 'ग्रॅमा'वर बेतलेली. सिनेमा आला २०१८ साली. छापील कथेपासून पडद्यापर्यंतच्या या साखळीत एक कडी तोंडी आहे, आणि मला तीच सगळ्यात मजबूत वाटते. जंगलात गोष्ट सांगणाऱ्या मुलाला कुणी पानांचे पैसे देत नव्हतं. समोरच्याचा श्वास बदलला की थांबायचं, एवढंच त्याला कळत असणार. तेवढंच पंचवीस वर्षं टिकलं.

स्वयंप्रकाशनात प्रकाशक गेला, त्याचं मला फारसं दुःख नाही. त्याच्याबरोबर हा समोर बसलेला माणूसही गेला, ते मात्र महागात पडतंय. आमच्याकडे चार ओळींचा कोड बदलला, तरी दुसऱ्या कुणीतरी बघून होय म्हटल्याशिवाय तो पुढे जात नाही. पुस्तक मात्र कुणीही न बघता जातं. किंडल तपासतं ते हक्क आणि आक्षेपार्ह मजकूर; गोष्ट कुठे संपायला हवी होती, ते त्यांचं काम नाही. मराठीत मुद्रितशोधन करून देणारे पैसे देऊन मिळतात. 'इथे थांब' म्हणणारा मिळत नाही. पुस्तक आल्यावर डॅशबोर्डवर वाचलेल्या पानांचा आलेख दिसतो, पण वाचकाने पुस्तक नेमकं कुठे सोडलं आणि का, हे तो आलेख सांगत नाही. भीती वाटली म्हणून सोडलं, की कंटाळा आला म्हणून?

त्यात एक व्यवहारी पेच आहे. भारतातल्या विक्रीवर सत्तर टक्के रॉयल्टी हवी तर केडीपी सिलेक्टमध्ये जावं लागतं, नाहीतर पस्तीस. सिलेक्टमध्ये गेलं की नव्वद दिवस ते लिखाण डिजिटल स्वरूपात दुसरीकडे कुठेही ठेवता येत नाही. म्हणजे जिथे आपली गोष्ट चार लोकांनी वाचून फाडून खाल्ली असेल, तिथूनच ती आधी उतरवायची. आवरबाकचा रस्ता धरायचा, तर पस्तीसवर समाधान मानावं लागेल. अर्थात पस्तीस टक्के की सत्तर टक्के, हा प्रश्न शंभर प्रतींच्या आत फार तात्त्विक राहतो.

मी पस्तीस धरून चाललोय. सध्या रविवारी संध्याकाळी बावधनला एका मित्राच्या घरी आम्ही पाच जण जमतो आणि मी एक कथा वाचतो. दिवे चालूच असतात, मेणबत्तीची नाटकं मला जमत नाहीत. कागदाच्या कडेला मी दोनच खुणा करतो: कुणी हललं नाही ती जागा, आणि कुणीतरी फोनकडे बघितलं ती जागा. दुसरी खूण बहुतेकदा पहिलीनंतर दीड-दोन पानांवर येते. मधलं जातं. आतापर्यंत सहा कथा झाल्या, पुस्तक अठ्ठ्याण्णव पानांवरून एकाहत्तरवर आलंय. मनोगत शेवटी टाकलंय, तेही अर्ध्या पानाचं.

एक गोष्ट अजून सुटत नव्हती. किंडल खाली कोपऱ्यात दाखवतं, की हे प्रकरण संपायला किती मिनिटं उरली. कादंबरीत ती सोय आहे. भयकथेत मात्र दारामागे कोण आहे हे कळायच्या आत 'एक मिनिट' असं दिसतं, आणि वाचक आपोआप सावरून बसतो. छापील संग्रहात हे होत नाही, कारण उजव्या हातात पुढच्या कथांची पानं असतात आणि ही कधी संपणार याचा अंदाज येत नाही. किंडल ही मिनिटं अनुक्रमणिकेवरून मोजतं. म्हणून मी नऊ कथांची नऊ प्रकरणं केली नाहीत. अनुक्रमणिकेत फक्त तीन विभाग ठेवलेत, प्रत्येकात तीन कथा. वाचकाला वेळ दिसेल तो विभाग संपायचा. त्यातली पहिली गोष्ट कुठे थांबणार, ते दिसणार नाही.